न आलेल्यांसाठी इतिवृत्त

सर, तुम्ही आला नाहीत.
पत्रात एवढंच लिहिलं होतंत, 'सोलापूर, आणि मे?'
प्रश्नचिन्ह तेवढं ठसठशीत.

तरी कळवते.
एकतीस माणसं आली. त्यातली दोन कूलरसाठी,
हे त्यांनी स्वतःच सांगितलं, नोंदणीचे शंभर रुपये भरून.
बाहेर चव्वेचाळीस होतं. सभागृहात किती, ते बघायला
हत्तुरे सरांनी प्रयोगशाळेतून तापमापक आणला,
बघितला,
आणि काही न बोलता खिशात ठेवला.

विषय सावली. पुढे-मागे विशेषण नाही.
बिदरचा एक पोरगा आलेख घेऊन आला होता:
एस.टी.च्या थांब्यावर माणसं खांबाच्या सावलीत
एकामागे एक कशी उभी राहतात.
सकाळी रांग पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला,
आणि भांडणं सगळ्यात जास्त भर दुपारी,
सावली एकालाही पुरत नाही तेव्हा.
उत्तरेकडच्या बर्फातल्या गावचे एक पाहुणे होते.
त्यांच्याकडे म्हणे सावली माणसाच्या आठपट लांब.
शिपाई यल्लप्पानं मागून विचारलं,
'मग रात्री घडी घालून ठेवता काय?'
प्रश्न नोंदवून घेतला आहे.
याच पाहुण्यांनी जेवताना कडक भाकरी
ताट समजून बाजूला सरकवली
आणि शेंगाची चटणी चमच्यानं खाल्ली. पाणी तीन तांबे.

बारा वाजून बावीस मिनिटांनी सगळे गच्चीवर.
हे तुम्हीच शिकवलंत, फळ्यावर, दोन रंगांच्या खडूंनी:
कर्कवृत्ताच्या अलीकडे वर्षातून दोनदा
सूर्य नेमका माथ्यावर येतो.
पण फळा भाजत नाही, सर.
आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो.
बाटली, डबा, छत्रीची दांडी, आम्ही.
मांजर पाय पोटाशी घेतं
तशा सावल्या आत आत आल्या
आणि नव्हत्या.
एकतीस माणसं आणि गच्ची कोरी.
हत्तुरे सरांनी हळूच एक पाय उचलून खाली बघितलं.
होती.

दुपारी माझा पेपर.
घोंगडे वस्तीत आमच्या दाराशी तीन वाजता
गिरणीच्या चिमणीची सावली यायची.
आई विड्यांचं सूप घेऊन तिच्यात सरकायची,
तेंदूची भिजवलेली पानं कडकडू नयेत म्हणून.
चिमणी पाडली त्याला अकरा वर्षं झाली.
आई अजून तीनला उठते,
सूप उचलते, चार हात डावीकडे जाते
आणि उन्हात बसते.
मी तीन महिने मोजलं. वेळ, अंतर, दिशा.
आकृती दोन: आई.
आकृती तीन: आई, भोवती खडूची रेघ.

म्हैसूरच्या बाईंनी विचारलं,
दाराशी घड्याळ नाही, भोंगा कधीचा बंद,
मग तीन वाजले हे त्यांना कळतं कसं?
मी कागद चाळले.
तीन महिन्यांत हे विचारायचंच राहिलं होतं.
आई तिसऱ्या रांगेत होती, कूलरच्या झोतात.
मांडीवर सूप नाही म्हणून बोटं रिकामीच वळत होती.
तेलुगूत चाललेली मोजणी तिनं मध्येच थांबवली,
मराठीत म्हणाली,
'अठ्ठावीस कट्टे झाले की.'
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

उन्हात का बसते,
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.
चहा आला.

पुढच्या मे महिन्यात विषय वाळवण आहे.
टोपी आणा, आणि जमलं तर सुती मोजे.
या वेळी तुमच्या नावाची चिठ्ठी लावून
एक लाकडी खुर्ची ठेवली होती. ती गच्चीवरही नेली.
सगळ्यांच्या सावल्या गेल्या तेव्हा
तिच्याखाली एक चौकोन होता,
बरोबर बैठकीच्या मापाचा.
यल्लप्पानं तिथे पाण्याची कळशी ठेवली.